आमच्या व्याह्यांचं नाक

जगातल्या कुठल्याही संकटाला एक थेंब पुरतो, फार तर दोन, असं छातीठोकपणे मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझ्या मुलीचा सासरा निघाला. झोप येत नाही? लव्हेंडरचा एक थेंब उशीच्या कोपऱ्याला. राग येतो? संत्र्याच्या सालीचं तेल. पोराची परीक्षा आहे? रोजमेरी. शेजारच्या सासू-सुनेचं वाजलं, तर दोघींच्या खोल्यांमधल्या पडद्यावर गवती चहा. एकदा त्यांच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून दोन मजल्यांची हमरीतुमरी चालली होती, तेव्हा हे गृहस्थ चंदनाची बाटली घेऊन जिन्यात उतरले आणि दोन्ही पक्षांच्या मनगटांना थेंब लावून आले. भांडण मिटलं नाही. उलट दोन्ही मजल्यांनी मिळून ह्यांच्याविरुद्ध तक्रार लिहिली. "पण मिळून लिहिली ना," असं व्याही अजून समाधानाने सांगतात.

ओझरच्या विमानाच्या कारखान्यात त्यांनी सारी नोकरी स्टोअरमध्ये काढली. हातून गेलेला प्रत्येक स्क्रू कुठून आला, कधी आला, कुणाला दिला हे लिहून ठेवायची सवय निवृत्तीनंतर जाणार कुठे? ती बाटल्यांवर उतरली. नाशिकला गंगापूर रोडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, इतरांकडे जिथे टीव्ही असतो तिथे, बारीक कप्प्यांचं एक लाकडी कपाट आहे. आत बोटाएवढ्या तपकिरी बाटल्या रांगेने उभ्या. प्रत्येकीवर चिठ्ठी, नाव, उघडल्याची तारीख, आणि खाली लाल शाईत 'फक्त नाकासाठी'. कुणी एक थेंब जिभेवर घ्यायची गोष्ट काढली की त्यांचा चेहरा पडायचा. "औषध डॉक्टरांकडे, तेल माझ्याकडे. दोघांची गल्लत करायची नाही," हे ते दारात चप्पल काढणाऱ्या माणसालाही सांगायचे. दारातच त्यांची तपासणीही व्हायची. बेल वाजवली की दार उघडून आधी श्वास घ्यायचे, मग "या" म्हणायचे. "आज बसने आलात पाहुणे. शेजारी कुणीतरी मेथीची जुडी घेऊन बसलं होतं." आणि खरोखरच बसलेलं असायचं.

मी पिंपळगाव बसवंतचा कांद्याचा व्यापारी. गोण्या शिवण्यापासून सुरुवात केली, आज माझं स्वतःचं खळं आहे, म्हणजे कांदा निवडायचं आणि गोण्या भरायचं पत्र्याच्या शेडचं आवार. कुणाच्या मेहेरबानीने काही मिळालं नाही, त्यामुळे कुणी नावं ठेवली की मला सहन होत नाही. आणि ह्या माणसाने पहिल्याच भेटीत नावं ठेवली. मुलीच्या लग्नाची बोलणी करायला मंडळी आली होती. वीस-पंचवीस माणसं, नवीन सतरंज्या, भिंतींना ताजा रंग. व्याही उंबऱ्यात थांबले, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "वा. कांद्याचा वास. पण आजचा नाही, भिंतीत मुरलेला." माझे दोन्ही मेहुणे तोंडाला रुमाल लावून हसले. मुलगी दिली, कारण मुलगा चांगला होता. पण ते वाक्य मी सहा वर्षं दाताखाली खड्यासारखं धरून होतो. लग्नात त्यांनी हॉलच्या चार कोपऱ्यांत निलगिरीच्या वाफेची यंत्रं लावली आणि मंगलाष्टकं म्हणणारे गुरुजी दुसऱ्याच कडव्याला खोकायला लागले, तेही मी त्याच खात्यात टाकलं.

त्यांचा आणखी एक दोष मला फार जाचायचा. ते भाव करत नसत. एकदा भद्रकालीतल्या एका अत्तरवाल्याकडे मी त्यांच्यासोबत गेलो. दुकानदाराने किंमत सांगितली आणि ह्यांनी खिशात हात घातला. मला घेरीच यायची बाकी राहिली.

"व्याहीबुवा, निम्म्याने मागा!"

"त्यांनी सांगितली ना किंमत."

"अहो, तो दुकानदार आहे!"

"मग त्यांना माहीत असणारच," असं म्हणून त्यांनी पैसे दिले आणि वर दुकानदाराला नमस्कार केला. त्या अत्तरवाल्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेलो नाही.

तर अशा माणसाच्या हातात माझं नाक गेलं. गेल्या वैशाखात मला ताप आला, साधा, चार दिवसांचा. पाचव्या दिवशी उठून मी स्वयंपाकघरात ओट्याशी चहा पीत बसलो होतो. आमच्या मंडळी मागच्या अंगणातून धावत आल्या. "अहो, दूध जळून कोळसा झालं! सगळ्या गल्लीला वास गेला आणि तुम्ही शेगडीला खेटून बसलात?" मी पातेल्याकडे पाहिलं. काळंकुट्ट. वाकून हुंगलं. काही नाही. फोडणीचा डबा उघडला, हिंग नाकाशी धरला. काही नाही. जणू नाकाच्या जागी कुणी भिंत बांधली होती.

कांद्याच्या धंद्यात नाक म्हणजे काय हे सांगायला हवं. उन्हाळी कांदा शेतकरी चाळीत साठवतो. चाळ म्हणजे बांबूच्या फटींची लांबलचक शेड, जमिनीपासून उचललेली, आत कप्पे. वरून कांदा सोन्यासारखा दिसतो. सड लागते ती ढिगाच्या पोटात, आणि तिची पहिली बातमी डोळ्याला नाही, नाकाला मिळते. म्हणून चाळीवर सौदा करताना फटीला नाक लावायचं आणि एक-एक कप्पा हुंगत जायचं. माझं नाक आमच्या बाजारात नावाजलेलं होतं. "शेठनं नाक लावलं का? मग डोळं झाकून घे," असं दुसरे व्यापारी म्हणायचे. ते नाक गेल्याचं कळलं असतं, तर शेतकऱ्यांनी सगळा सडका माल माझ्याच दारात आणून ओतला असता. मी कुणाला सांगितलं नाही. पण धास्ती अशी बसली की अंघोळ करून सदरा घातला तरी तो धुतलेला की कालचा हे कळेना. गॅस बंद आहे का हे बघायला मी घरातून निघालेला परत यायचो, दोनदा, तीनदा. एक दिवस आंबलेली डाळ ताटभर जेवलो आणि बायकोच्या तोंडाकडे बघून मला कळलं. लोकांत बसलो की वाटायचं, माझ्या अंगाला काही येत असेल आणि हे गप्प बसले असतील. समोरच्याने नाक खाजवलं तरी मी उठून लांब जाऊन बसायचो.

नाशिकच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "येईल बहुधा. पण कधी, किती, ते मी सांगू शकत नाही. रोज ओळखीचे वास घेत राहा, नाकाला सराव होतो." मी कुणाला सांगितलं नाही, पण बायकोने मुलीला सांगितलं, आणि मुलगी त्यांची सून. पुढच्या गुरुवारी व्याही कारखान्याच्या काळातली कातडी बॅग घेऊन आमच्या ओट्यावर हजर. बॅगेत चार बाटल्या. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सोबत जाड कागदाचं एक कार्ड, त्यावर रकाने आखलेले, आणि वर माझं नाव, कारखान्यात दुरुस्तीला आलेल्या भागावर लिहावं तसं.

"डोळे मिटा. वीस बारीक श्वास. आणि नुसता वास ओढायचा नाही पाहुणे, आठवायचा. लिंबू आठवा."

"लिंबू काय आठवायचं?"

"शेवटचं कुठे पाहिलंत?"

"ट्रकच्या बंपरला. मिरच्यांसोबत."

"चालेल. ट्रक आठवा."

मी ट्रक आठवला. डिझेल आठवलं, ड्रायव्हरची थकलेली बाकी आठवली, राग आला. वास आला नाही. व्याह्यांनी रकान्यात नीट गोल शून्य काढलं आणि बाटलीला बूच लावलं. रोज सकाळ-संध्याकाळ मी एकट्याने करायचं आणि दर गुरुवारी ते येऊन परीक्षा घेणार. जेवायला थांबायला सांगितलं तर थांबायचे. विहीणबाई आमचं नातं जुळायच्या आधीच गेलेल्या, त्यामुळे घरच्या भाकरीला ते नाही म्हणत नसत. "ह्याला बाजरीचा वास म्हणतात," असं ते माझ्यासमोर भाकरी मोडून म्हणायचे आणि मला ताट भिरकावून द्यावंसं वाटायचं.

आषाढात माझ्या हातून व्हायचं तेच झालं. मी अंदाजाने नाक लावल्याचं नाटक करून एक चाळ उचलली, आणि खळ्यावर ओतल्यावर ढिगाखालून पाणी वाहायला लागलं. मी पावसावर खापर फोडलं. पण आणखी एकदा असं झालं असतं तर पाऊस पुरला नसता. भाद्रपदात वणीच्या रस्त्याला एक मोठी चाळ विकायला निघाली. माझ्या नेहमीच्या शेतकरी ताईची. नवरा कंपनीत, शेती सगळी ती बघते. तो माल सोडण्यासारखा नव्हता आणि एकट्याने घेण्यासारखाही नव्हता. मी नाक मुठीत धरून व्याह्यांना फोन केला. म्हणजे नाक त्यांचं, मूठ माझी.

नाशिकला जाऊन त्यांना गाडीत घेतलं आणि वाटेत पढवलं. "तुम्ही माझे पाहुणे, फिरायला आलात. तिथं एक शब्द बोलायचा नाही. प्रत्येक कप्प्यापाशी उभं राहायचं, वास घ्यायचा. माल बरा असेल तर पुढे चालायचं. सड असेल तर टोपी काढायची."

"मी टोपी घालत नाही."

"मी आणलीय."

त्यांनी टोपी घातली. गांधी टोपीत ते एखाद्या गावच्या सरपंचासारखे दिसायला लागले. "आणि टोपी काढल्यावर तुम्ही काय करणार?"

"भाव पाडणार."

"तिला सांगणार, सड कुठे आहे ते?"

"नाही."

दिंडोरी येईपर्यंत ते विचार करत होते. मग म्हणाले, "मग तिला कळणार कसं?"

"व्याहीबुवा," मी म्हणालो, "टोपी."

ताईने चहा ठेवला होता. "या शेठ, लय दिवसांनी. ह्ये पाव्हणं कोण?" मी सांगितलं, मुलीचे सासरे, हवापालट करायला आलेत. पाहुण्यांनी पहिल्याच कप्प्यापाशी खिशातून एक छोटी डबी काढली, तिच्यात नाक घातलं, मग फटीला नाक लावलं, मग परत डबी.

"डबीत काय हाय?" ताईने विचारलं.

"कॉफीच्या बिया," व्याही म्हणाले, शब्द बोलायचा नाही हे पहिल्याच मिनिटाला विसरून. "दोन वासांच्या मधे नाक कोरं करायला."

"आमच्याकडं पाटी कोरी करत्यात," ताई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली.

एक कप्पा झाला, दोन झाले, चार झाले. टोपी जागेवर. माझा जीव हळूहळू भांड्यात पडायला लागला. पाचव्या कप्प्यापाशी ते थांबले. हुंगलं. डबी. परत हुंगलं. आणि मग ह्या निवृत्त गृहस्थाने चिखलात सरळ लोटांगण घातलं आणि चाळीच्या तळाच्या फटीत नाक खुपसलं. त्यात टोपी पडली. मी घामाघूम. पडलेली टोपी म्हणजे काढलेली धरायची की नाही, हे काही आम्ही ठरवलेलं नव्हतं. मी डोळ्यांनी विचारत होतो आणि ते माझ्याकडे बघतच नव्हते. उठले, गुडघे झटकले, आणि माझ्याकडे पाठ करून ताईला म्हणाले, "ताई, ह्या कप्प्यात खाली डाव्या हाताला सड लागलीय. आठ दिवसांची असेल. आजच उपसा, नाहीतर शेजारचे दोन्ही जातील."

ताई वाकली. दोन बांबू सरकवले, कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर काढला. मुठीत काळपट लगदा. तिने तो बाजूला टाकला आणि हात मातीला पुसला. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "शेठ, दर साली तुम्ही सोता नाक लावता. आज पाव्हण्यांना का पुढं केलं?"

"सर्दी झालीय," मी म्हणालो.

"सर्दी नाही, ताई," व्याही म्हणाले, अगदी सहज, आजचं हवामान सांगावं तसे. "त्यांचा वास गेलाय. वैशाखापासून. येईल, आम्ही रोज सराव करतोय."

"आता गं बाई," ताई म्हणाली. "म्हंजे बाजारात बोलत व्हते ते खरंच हाय म्हणा."

परतीच्या रस्त्यावर मी गाडी चालवत होतो की हाकत होतो ते मला माहीत नाही. वणीपासून दिंडोरीपर्यंत मी ओरडलो. धंदा बुडवला म्हणालो, चारचौघांत नागडं केलं म्हणालो, आणि ते संपल्यावर सहा वर्षांचा खडा दाताखालून निघाला. "पहिल्या दिवशी माझ्या उंबऱ्यात उभं राहून माझ्या घराला वास येतो म्हणालात! वीस माणसांत!"

ते माझ्याकडे वळून खऱ्या आश्चर्याने बघायला लागले. "म्हणालो होतो. येतोच की. आमच्या घराला माझ्या नोकरीभर ग्रीसचा यायचा." आणि वर म्हणाले, "वास म्हणजे काही शिवी नव्हे, पाहुणे." मग खिशातून संत्र्याच्या तेलाची बाटली काढून त्यांनी एक थेंब माझ्या स्टिअरिंगला लावला. मला तो येणार नव्हता हे त्यांना माहीत होतं. तरी लावला.

ताईने त्याच दिवशी तो कप्पा उपसला, बाकीची चाळ वाचली, आणि चार दिवसांनी तिने ती माझ्याच शेजारच्या गाळ्यातल्या व्यापाऱ्याला विकली, चांगल्या भावाने. माझ्या व्याह्यांच्या नाकावर माझ्या वैऱ्याने माल उचलला. मी गुरुवारी त्यांना हे ऐकवलं. ते कार्ड काढत होते. "म्हणजे माल वाचला," म्हणाले.

"कुणाचा?"

"कांद्याचा," म्हणाले, आणि गुलाबाचं बूच उघडलं.

बाजारात अर्थातच सगळ्यांना कळलं. पंधरा दिवस चहाच्या टपरीवर माझ्यासमोर कप ठेवून पोरं विचारायची, "शेठ, हा चहा की कॉफी?" मी दोघांच्या अंगावर धावून गेलो. चाळीवरचे सौदे बंद केले, लिलावातून डोळ्यांनी दिसेल तेवढंच घेत राहिलो, आणि रोज वाटायचं की आज कुणीतरी मला डोळ्यांसमोर फसवून जाईल.

दिवाळीच्या आधी आठवडाभर, सकाळी खळ्यावर उभा होतो. बायका कांदा निवडत होत्या. अचानक नाकात काहीतरी घाण, जाड, चिकट शिरलं. मी दोन पावलं मागे आलो. परत पुढे गेलो. सड! मी ढीग हातांनी उकरायला लागलो, आणि तळाशी होती, खरंच होती, दोन पाट्या. त्या बायकांना वाटलं शेठ वेडे झाले, कारण मी सडका कांदा नाकाशी धरून हसत होतो. मी व्याह्यांना फोन केला. ते आनंदले, पण मग म्हणाले, "आणि लिंबू?" लिंबू नव्हतं. गुलाब नव्हता. वाईट तेवढं परत आलं होतं.

माझं काम झालं होतं. कांद्याच्या व्यापाऱ्याला आणखी काय लागतं? मी पुन्हा चाळींवर जायला लागलो, फटीला नाक लावायला लागलो, टपरीवरची पोरं गप्प झाली. त्याच सुमारास जावयाची बदली झाली आणि मुलगी-जावई पुण्याला गेले. व्याही गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये कपाटासोबत राहिले. मी त्यांना सांगणार होतो, आता नका येऊ, बसचे धक्के खाऊन कशाला. पण गुरुवारी ते आले, कार्डाची दुसरी बाजू आखून, आणि मी ओट्यावर चटई टाकली.

आता थंडी पडलीय. मी डोळे मिटतो तेव्हा ते माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत असतात, हे मला न बघता कळतं. गेल्या गुरुवारी लवंगेची बाटली होती. अकराव्या की बाराव्या श्वासाला नाकाच्या मुळाशी काहीतरी उघडलं. तिखट, गरम, ओळखीचं. माझी आई दाढ दुखली की कापसाला लावून द्यायची ते. मी हललो नाही. आवडलेला माल समोर आला तरी चेहऱ्याची रेघ हलू द्यायची नसते, हे मला बाजाराने शिकवलंय.

"काही?" त्यांनी विचारलं.

मी विसावा श्वास पूर्ण केला आणि मान हलवली. "नाही."

त्यांनी रकान्यात शून्य काढलं, फुंकर घालून शाई वाळवली. "घाई नाही," म्हणाले. "पुढच्या गुरुवारी बघू."

मी आत आवाज दिला की व्याहीबुवा जेवायला थांबतायत, एक भाकरी जास्त टाका.